भुऱ्याची पाच जेवणं

दारचं कुत्रं उपाशी राहिलं तर खंडोबा कोपतो, आणि ‘कावून?’ असं विचारलं तर आत्या कोपते. (खंडोबा परवडला.) बीएस्सी होऊनही हा प्रश्न मी आजवर गिळत आले होते.

परवा सकाळी आत्याच्या शेळ्या निघाल्या आणि त्यांच्यापुढे ऐटीत चालणारा आमचा कुत्रा भुऱ्या उठलाच नाही. दोनदा ओकला आणि पाठीची कमान करून भिंतीला टेकला.

“उपाशी हाय गं लेकरू!” छबुआत्या दूधभाकरी घेऊन धावली.

“दृष्ट लागली,” अर्जुनकाका म्हणाले. “मीठ-मिरची उतरवा.”

मी दोघांच्या मध्ये उभी राहून अंबाजोगाईला फोन लावला. माझी मैत्रीण स्वप्ना जनावरांची डॉक्टर. तासाभरात ती स्कूटीवर आली, भुऱ्याचं पोट चाचपलं, इंजेक्शन दिलं.

“हा रोज काय खातो?”

“सकाळी एक भाकर,” आत्या म्हणाली.

“सकाळी?” काका दचकले. “मग नवाला माझ्याकडं कावून येतंय? मी आपला शिरा देतो. तुपातला.”

“दुपारी मी मटणाची हाडं…” आई पुटपुटली.

“अन् सांजंला मी भजी,” आत्याचा आवाज बारीक झाला. “वाटलं, दिवसभर कुणी इचारलं न्हाई त्याला.”

मी थक्क झाले. आत्यापुढे हा पोट आत ओढायचा, काकांपुढे लंगडायचा, आईपुढे नुसता उसासा टाकायचा. आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही, हे भुऱ्याने बरोबर ओळखलं होतं. एवढा अभ्यास मी बीएस्सीलाही केला नव्हता!

“अजीर्ण आहे,” स्वप्ना म्हणाली. “वेळेवर कळलं. पण कधी पोट ढोलासारखं टणक झालं, नुसत्या कोरड्या ओकाऱ्या आल्या, तर दृष्ट काढत बसू नका, तडक गाडीत घाला. नाहीतर जीव जातो. आज उपास, थोडं थोडं पाणी. उद्यापासून दोनच वेळा जेवण. हाडं, तेलकट, गोड बंद.”

“उपास? अन् खंडोबा काय म्हणंल?” आत्याने विचारलं.

“जे म्हणायचं ते मला म्हणू दे!” मी कडाडले. “तुमचा नियम मी पाळणार नाही. चोरून घास देणाऱ्याची खैर नाही!”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. काकांचेसुद्धा! आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं माझं ऐकत होती.

मग दिसलं, ती सगळी माझ्या पाठीमागे बघत होती. इंजेक्शनने तरतरी आलेल्या भुऱ्याने माझ्या पर्सची चेन सवयीने दातांनी उघडली होती आणि क्रीम बिस्किटांचा पुडा अलगद माझ्या पायाशी आणून ठेवला होता.