चाकांवरच्या घरातला वास

सुजातला शिरूर अनंतपाळच्या लॉजवर न्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं. सुजात म्हणजे माझा अकरा महिन्यांचा मुलगा. लॉज म्हणजे... खरं सांगायचं तर त्या लॉजचं बाथरूम मी पाहिलेलंच नाही. पण मी कल्पना करू शकते. (कल्पना करण्यात मी पटाईत आहे. सुजात नुसता शिंकला तरी मी मनातल्या मनात त्याला ऑक्सिजन लावून मोकळी होते.)

बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कामाचं बोलावणं आलं होतं. महिनाभर शिरूरला राहून बायकांच्या गटांना प्रशिक्षण द्यायचं. कशाचं, ते पुढं येईलच. नाही म्हटलं असतं तर माझ्या जागी घ्यायला संस्थेकडे एक बिनलग्नाची, बिनबाळाची, रात्रभर झोपणारी मुलगी तयारच होती. मला हवी होती फक्त स्वच्छ जागा, आणि बाळ सांभाळायला सोबत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

"आपलं घरच उचलून नेता आलं असतं तर!" मी सहज म्हणाले.

रविकांतसमोर असं सहज बोलायचं नसतं. माझा नवरा रविकांत (आत्याबाईंसमोर 'अहो') कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. स्वयंपाकघरातला गळका नळ त्यानं तीन महिने 'निरीक्षणाखाली' ठेवला होता. पण कॅराव्हॅन? ती पंधरा दिवसांत तयार! ट्रकची बॉडी बांधणाऱ्याकडून करून घेतलेली, जीपमागे ओढायची एक लांबट खोली. आत दोन बाक, गॅस, भांडी घासायला छोटी मोरी, आडोशाला संडास आणि तळाला एक टाकी. संडासाचं, मोरीचं सगळं त्याच टाकीत.

बाळाला सवय व्हावी म्हणून विष्णुपुरीच्या आमच्या अंगणातच आम्ही त्यात मुक्काम टाकला. एप्रिलचं ऊन. चौथ्या दिवशी वास आला.

आधी मी 'वास' म्हणत होते. आत्याबाईंनी पदर नाकाला लावला आणि योग्य शब्द सांगितला, "गटार."

मग बाहेर जाऊन बाजेवर बसल्या. "मी हितं महिनाभर राहनार न्हाई, आन नातवालाबी राहू देनार न्हाई. रविवारपस्तोर वास गेला तर येते. न्हाईतर तुझं तू बघ."

त्या दिवशी गुरुवार होता. चार वर्षांची माझी नोकरी आता एका वासावर लटकली होती.

पहिला संशयित सुजात. एका दिवसात मी त्याचा लंगोट नऊ वेळा हुंगला. डॉक्टरांना फोटोही पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'बाळ ठणठणीत आहे. तुम्ही झोप घेत चला.'

दुसरा संशय मी जरा भीतभीतच घेतला. बाकाखाली आत्याबाईंचा सुकटीचा डबा होता.

"आत्याबाई, हा डबा जरा बाहेर ठेवू का?"

"ठेव की. चाळीस वर्सं झाली सुकट खाऊन राहिले, पन कुनाला संडासाचा वास आला न्हाई. एमए केलंस, नाक तेवढं कच्चं ऱ्हायलं बघ."

डबा बाहेर गेला. मांजरीचं भलं झालं, वास होता तिथंच राहिला.

शनिवारी रविकांतनं सूत्रं हाती घेतली. म्हणजे आधी वहीत आकृती काढली, बाण दाखवले. "छतावर टाकीचा पाइप आहे ना, त्यातून वास बाहेर पडतो आणि खिडकीतून परत आत येतो. सोपं आहे." मग शिडी लावून त्यानं पाइपाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसवली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. तासाभरात मी सुजातला काखेत मारून बाहेर उडी मारली. जो वास इतके दिवस थोडाफार आभाळात जात होता, तो आता सगळाच्या सगळा आमच्याकडे मुक्कामाला आला होता.

रविवारी अर्धापूरहून लिंबाजी प्लंबर आला. आधी त्यानं वर पाहिलं.

"सर, पाइपाला टोपडं कुनी घातलं?"

रविकांतनं माझ्याकडे पाहिलं. (लग्नाला पाच वर्षं झाली की नवरे हे शिकतात.)

"काढा ते. कुकरची शिट्टी दाबून धरल्यावानी झालंय." मग आत शिरून त्यानं मोरीच्या भोकात बॅटरी मारली. "मॅडम, ही मोरी वापरत न्हाईत का तुमी?"

"रोज वापरते."

"खडखडीत कोरडी हाय की!"

इथं मला सांगायला हवं की माझं माहेर लातूरचं. आमच्याकडे नळ दहा-दहा दिवसांनी यायचा. गावाला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी मी कॉलेजात होते. आम्ही घमेल्यात उभं राहून आंघोळ करायचो. तेच पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. त्यामुळे कॅराव्हॅनच्या मोरीतही मी टब ठेवला होता. भांड्यांचं पाणी कढीपत्त्याला, बाळाच्या आंघोळीचं केळीला. मोरीत थेंब जाऊ दिला नव्हता. हे सगळं मी लिंबाजीला छाती फुगवून सांगितलं.

त्यानं बॅटरी विझवली. "ताई, मोरीच्या खाली पाइपाला वाक असतोय. त्यात पानी थांबतंय, तेच वासाला आडवतंय. सुरवातीला व्हतं तेवढं पानी उनानं आटलं, नवं पडलंच न्हाई. दार सताड उघडं, मग टाकी घरात येनारच की."

"पण मग घरातल्या मोरीला वास का येत नाही?" रविकांतनं परीक्षकाच्या थाटात विचारलं.

"घरी मी हाय ना!" बाजेवरून आवाज आला.

(आत्याबाई गोदावरीकाठच्या. एक कपबशी विसळायला त्यांना बादली लागते. त्यावरून पाच वर्षं मी त्यांना व्याख्यानं देते आहे.)

लिंबाजीनं मोरीत तांब्याभर पाणी ओतलं. तासाभरात आत श्वास घेता येऊ लागला. "रोज सकाळी येवढं करा. बास."

"चांगलं पाणी? नुसतंच? ओतून द्यायचं?" माझा आवाज चिरकला.

"हिच्यानं हुनार न्हाई," आत्याबाई पिशवी भरत म्हणाल्या. "चला. मी वतत जाईन."

सोमवारी शिरूरच्या सभागृहात चाळीस बायका. माझा विषय होता पाणीबचत. मी रंगात आले होते. "लक्षात ठेवा, एक थेंबसुद्धा मोरीत वाया जाता कामा नये!" तेवढ्यात दारातून, कडेवर सुजातला घेऊन, आत्याबाई ओरडल्या, "सत्यशीला, मोरीत तांब्या वतलास का गं? आज मी इसरले!"

चाळीस माना दाराकडे वळल्या. मग पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "कामून वततात वो, मॅडम?"

मी वाकाबद्दल सांगायला लागले, पण जमेना. शेवटी आत्याबाई चाळीसही बायकांना बाहेर उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये घेऊन गेल्या, पाच-पाचच्या तुकड्यांनी, आणि दर तुकडीला एक तांब्या ओतून दाखवला.

संध्याकाळी अभिप्रायाचे फॉर्म गोळा केले. 'आज काय शिकलात?' या प्रश्नाला अडतीस जणींचं एकच उत्तर होतं, 'मोरीत रोज तांब्याभर पाणी ओतावे.'

उरलेल्या दोघींनी लिहिलं होतं, 'मॅडमपेक्षा त्यांच्या सासूबाई चांगलं समजावून सांगतात. पुढच्या वेळी त्यांनाच पाठवा.'