जावयाचा वाघ

खुशाल दुर्गे सासुरवाडीला आला तो आंबे खायला नाही. तो लपून पळायला आला होता.

गेल्या वर्षी ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत लांब पल्ल्याची शर्यत झाली. शिट्टी वाजली आणि खुशाल असा सुटला, की पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या वळणावर तो रस्त्याच्या कडेला आडवा पडला होता. शेवटी पाण्याच्या पिंपाला टेकवून त्याला बसमधून मैदानात आणलं. त्याची बायको सत्यशीला शेजारणींसोबत हार घेऊन उभी होती. तिनं तो हार पुन्हा पिशवीत घातला. ती पिशवी आठवली की खुशालला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदा वसाहतीतल्या शाळेच्या पीटीच्या मास्तरांनी बजावलं होतं, "पाय तं बैलालेही असते. डोकं लावून पळ. रोज हळूहळू पळाचं, शेवटचा टप्पा तेवढा जीव खाऊन." पण वसाहतीत सराव केला तर लोक दात काढणार. म्हणून मे महिन्यात रजा टाकून, बायकोला घेऊन स्वारी गडचिरोलीच्या जंगलातल्या सासुरवाडीला आली.

अडचण एकच होती. सासूसमोर जावई अर्ध्या चड्डीत? छे! त्यावर त्यानं अक्कल लढवली. पॅन्ट घालून निघायचं, गावाबाहेर ती पळसाच्या फांदीवर टांगायची, पळून यायचं आणि पॅन्ट चढवून सभ्य माणसासारखं घरात शिरायचं. पहिल्या दिवशी सगळं झकास जमलं. दुसऱ्या दिवशी परत येऊन बघतो, तर पॅन्ट माकडाच्या हातात आणि माकड झाडाच्या शेंड्यावर. खुशालनं दगड मारले, मग हात जोडले. माकड ढिम्म हललं नाही.

आता गाव जागं व्हायच्या आत घर गाठायचं, म्हणून तो जीव खाऊन पळाला. पण त्याच दिवसापासून तेंदूपत्त्याची, विडीच्या पानांची, तोड सुरू झाली होती. तोडीच्या दिवसांत अख्खं गाव उजाडायच्या आत पानं तोडायला निघतं, हे क्वार्टरात राहणाऱ्या जावयाला कोण सांगणार! आणि जंगलाकडून जो पळत येतो तो एकाच कारणानं येतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बाया ओरडल्या. पुरुष काठ्या आणि डबे घेऊन धावले. त्या सगळ्यांच्या बरोबर मधोमध खुशाल येऊन थांबला, चड्डीवर.

"वाघ?" सासरे रामाजींनी विचारलं.

खुशालनं समोर पाहिलं. सासूबाईंनी, ठमाबाईंनी, तोंडावर पदर ओढला होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"हाव," तो म्हणाला. "वाघ."

"आन् पॅन्ट?"

"त्यानंच ओढली."

"बाप्पा बाप्पा! पोरीचं कुंकू वाचलं!" कुणीतरी ओरडलं, आणि झालं! जावयाला खाटेवर बसवलं, वर घोंगडी पांघरली. मे महिन्यात घोंगडी! ठमाबाईंनी कोंबडी कापली, विहारात जाऊन मेणबत्ती लावली. खुशालला तो रस्सा मान वर न करता खावा लागला. सत्यशीला वाढता वाढता त्याच्याकडे टक लावून बघत होती, ते वेगळंच.

सगळ्या गावाचं जंगलात जाणं अर्थातच बंद झालं. वाघ मात्र रोज कुणाला ना कुणाला दिसू लागला. शेजारचा दादाजी रात्रभर घरी आला नाही, कारण वाघ रस्त्यात बसला होता. इसरूचं ढोपर फुटलं, कारण वाघ मागं लागला होता. कोलूच्या बायकोची, रंभाची, बकरी नाहीशी झाली. कोलूनं स्वतःच्या डोळ्यांनी वाघाला ती नेताना पाहिलं होतं. खुशालला वाटे, च्यायला, खरंच वाघ आहे की काय!

मग एका संध्याकाळी तेंदूपत्ता घेणारा मुन्शी चौकात येऊन उभा राहिला. "पान निबर होऊन राह्यलं. उद्या आनत असान तं आना, नाईतं मी दुसऱ्या गावी चाललो."

 वर्षाची मीठमिरची, पोरांचे कपडे, सगळं त्या पानांवर होतं. ठमाबाई नुसती जंगलाकडे बघत राहिली. तिचं ते बघणं खुशालला सहन होईना. तो उठला. सासऱ्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"मामाजी, वाघ नोता."

"जावई, खाली बसा," इसरू घाईघाईनं म्हणाला.

"भेव बसला त्याहिले," दादाजीनं री ओढली. "डोक्यात गेलं."

"ताप असन," कोलू म्हणाला. "न्या बाप्पा घरी."

"नाई ना ताप! पॅन्ट माकडानं नेली. मी आपल्या मनानं पळत होतो."

"मनानं?" रामाजींना ते कळेचना. "मागं कोनी नोतं, तरी?"

"नोतं."

"मंग पळून कुठी जात होते?"

"कुठी नाई. जाचं आन् परत याचं."

रामाजींनी डोक्याला हात लावला. मुन्शी फिस्सकन हसला. मग सगळा चौक हसला आणि खुशालची मान छातीला टेकली. सासऱ्याच्या गावात एवढी शोभा कुठल्या जावयाची झाली नसेल. तेवढ्यात मागून रंभा उठली.

"थांबा जी. वाघच नोता, तं माही बकरी कोनं खाल्ली?"

हसू एकदम थांबलं. कोलू चपला शोधू लागला. दादाजीची बायको दादाजीकडे वळली. इसरू आपलं ढोपर झाकत हळूच भिंतीआड झाला. रंभानं कोपऱ्यातला खराटा उचलला आणि कोलू अनवाणीच जो पळाला, तो नदीपर्यंत थांबला नाही म्हणतात.

ठमाबाई जावयाशी सरळ बोलत नसे. ती लेकीला म्हणाली, "सत्यशीले, सांग तुह्या नवऱ्याले. पळाचं असन तं खुशाल पळ म्हना. पन गाव दिसलं का 'वाघ नाई, वाघ नाई' वरडत ये म्हना. आन् अंगभर कपडे घालून."

सत्यशीलेनं निरोप तोंड दाबून सांगितला.

दुसऱ्या दिवशी रामाजींचा ढगळ पायजमा एका हातानं सावरत खुशाल जंगलाकडून आला. "वाघ नाई! वाघ नाई!" पान तोडायला निघालेल्या बायांची रांग समोरून येत होती. घराबाहेर काढलेला कोलू बैलबंडीवर मुटकुळं करून पडला होता. त्यानं डोकं वर काढलं आणि हात जोडले.

"जावई, जरा हळू म्हना ना जी."

खुशालला त्याची दया आली. त्यानं आवाज उतरवला.

"काऊन हळू?" रांगेतून रंभा कडाडली. "जोरानं म्हना, जावईबुवा!"

खुशालनं कोलूकडे बघायचं टाळलं, मान खाली घातली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "वाघ नाई!"