सप्रे सरांचे मोल

सप्रे सर लांबून दिसले की ब्रह्मा घाटाजवळचा पानवाला चुन्याचं भांडं झाकून ठेवतो. सर पान खात नाहीत, प्रश्न विचारतात.

"भैया, छप्पन ग्राम कळीच्या चुन्यात पानी कितना डालोगे?"

"गंगाजी बगल में हैं, मास्टरसाहब! जितना पी ले!"

"अठरा ग्राम," सर दुखावल्या आवाजात सांगतात. "एका मोलला एक मोल. बस!"

सर आमचे शेजारी. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या काशीतच गेलेल्या. ते रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. रसायनशास्त्रानं मात्र त्यांना सोडलं नाही. भाजीवालीलाही ते 'मोल' हे रसायनातलं माप समजावतात. ती बिचारी लगेच भाव कमी करते.

बँकेच्या बदलीमुळे आम्ही इथे आलो आणि माझी मुलगी मुक्ता अकरावीत रसायनशास्त्रात नापास झाली. फेरपरीक्षेतही नापास झाली असती तर वर्ष बुडणार होतं. मी तिला सरांकडे नेलं.

सरांनी तिचा पेपर पाहिला. "अगं, तू ग्रामवरून थेट ग्रामवर उडी मारतेस! आधी ग्रामचे मोल कर. मोलवरून मोलवर जा. मग खुशाल ग्राममध्ये उतर."

त्या दिवसापासून संध्याकाळी भिंतीपलीकडून सरांचा आवाज यायचा, "आधी समीकरण तोल, मग बोल!" एकदा माझ्या बायकोनं दोघांसाठी पुरी-भाजी पाठवली. थोड्या वेळानं सर गरजले, "पुऱ्या संपल्या, भाजी उरली! अभिक्रिया अडली कुणामुळे? पुऱ्यांमुळे!" बायकोला ती तक्रार वाटली. तिनं घाईघाईनं आणखी पुऱ्या तळल्या.

मुक्ता पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. आम्ही पेढे घेऊन गेलो. सरांनी एक पेढा तोंडात टाकला, दुसरा हातातच धरून ठेवला.

"म्हणजे आता शिकवणी संपली," ते म्हणाले. मग पेढा तसाच खाली ठेवून, "जाता जाता एक गणित करून जा, बेटा."

मुक्तानं उभ्याउभ्याच ते सोडवलं. सरांनी कागद पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"चुकलं," ते खाली बघत म्हणाले. "उद्या ये."

घरी आल्यावर मुक्ता म्हणाली, "बाबा, उत्तर बरोबर होतं."

"मग तिथेच का नाही सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुस्तक घेऊन निघाली. बऱ्याच वेळानं परतली.

"जमलं का गणित?" मी विचारलं.

"छे! आज तर मी मोलच काढायला विसरले," चपला काढत ती म्हणाली. "सरांनी पहिल्यापासून सगळं परत समजावलं. इतक्यात काही जमायचं नाही मला ते."