वायरमनने शोधलेला फॉल्ट

"पाच पूर्णांक नऊ," डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर टाकला. "पोटॅशियम उतरायचं सोडून चढलंय. पावडर घेता ना रोज?"

"रोज," वायरमन म्हणाला.

"रोज म्हणजे रोज?" मागून चिरंजीवांनी विचारलं. चिरंजीव ऑफिसात साहेब होते आणि घरी आल्यावरही साहेबपण उतरवत नसत.

"आठ दिवसांनी असंच आलं तर भरती व्हावं लागेल," बाई म्हणाल्या. "हे काळजावर जातं."

चाळीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला किडन्यांनी खाली उतरवलं होतं. जेवणातलं पोटॅशियम पोटातच धरून बाहेर नेणारी ती पावडर. दुपारी चारला, बाकी गोळ्यांपासून तीन तास लांब, पाण्यात ढवळून घ्यायची. चव भिंतीच्या पुट्टीसारखी. वायरमन ती मुकाट प्यायचा. पण म्हातारा खरं बोलत असेल, हा विचार घरातल्या शहाण्यांना सगळ्यात शेवटी सुचतो.

पोटॅशियम नको म्हणून केळी कपाटात कुलूपबंद झाली. सून टोमॅटो मोजू लागली. बायकोने खिडकीतल्या कुंडीत बोट घालून पाहिलं.

"अहो, खरं सांगा. पावडर यात ओतता ना? झाड सुकलंय."

"झाडाला पाणी कोण घालतं?"

"मी."

"मग मला काय विचारतेस?"

चिरंजीवांनी स्वयंपाकघरात कॅमेरा बसवायला काढला. कुठली वायर कुठं, ते साहेबांना कळेना. शेवटी आरोपीच स्टुलावर चढला आणि स्वतःवरचा पहारा स्वतःच जोडून खाली उतरला. आठ दिवस तो चारच्या ठोक्याला कॅमेऱ्यासमोर पावडर प्यायचा आणि रिकामा ग्लास उपडा करून दाखवायचा.

रिपोर्ट आला. सहा. बाईंचा फोन आला, तासाभरात या. बायको डोळे पुसत बॅग भरू लागली.

वायरमन स्टुलावर बसला. चाळीस वर्षांत फॉल्ट शोधायला गेला की काय बिघडलं, असं त्याने कधीच विचारलं नव्हतं. आधी विचारायचा, नवीन काय जोडलं? त्याने सुनेला विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत या घरात नवीन काय आलं गं?"

"नवीन? मिक्सर आला. पडदे आले. आणि ह्यांनी आणलेलं ते तुमचं वेगळं मीठ."

वायरमनने चष्मा लावला. मिठाच्या बाटलीवरची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं शेवटपर्यंत वाचली आणि बाटली खिशात टाकली.

दवाखान्यात चिरंजीवांनी मोबाईल पुढे केला. "आठ दिवसांचं शूटिंग आहे, डॉक्टर. कुठं खातात ते सापडत नाही. पण खातात."

"जेवण दाखव," वायरमन म्हणाला.

पडद्यावर ताट आलं. सोनेरी घड्याळाचा एक हात आला आणि भाजीवर तीनदा बाटली झटकून गेला.

"हा हात कोणाचा?" बाईंनी विचारलं.

चिरंजीवांनी बाही खाली ओढली. "माझा. पण ते बीपीवाल्यांचं मीठ आहे. सोडियम कमी."

जळका फ्यूज ठेवावा तशी वायरमनने बाटली टेबलावर ठेवली. "सोडियम काढून काय घातलंय, ते मागं लिहिलंय. साहेबांनी पुढचीच बाजू वाचली."

बाईंनी वाचलं. "पोटॅशियम. पावडर एका दाराने बाहेर काढतेय आणि तुम्ही दुसऱ्या दाराने आत भरताय. याच ताटावर, रोज दोन वेळा."

चिरंजीव भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले.

ईसीजी ठीक निघाला, भरती टळली. मीठ बंद झालं, पावडर चालू राहिली. चार दिवसांनी रिपोर्ट आला. चार पूर्णांक आठ. वायरमनने तो फ्रिजवर चिकटवला, साहेबांच्या डोळ्यांच्या उंचीला.

भरलेली बॅग रिकामी झाली. कॅमेरा काढायला चिरंजीव स्टुलावर चढले, तेव्हा खालून आवाज आला, "राहू दे. तोंड तेवढं तुझ्या खुर्चीकडे फिरव."

आता घरात काहीही नवीन आलं की चिरंजीव दिव्याखाली उभे राहून मागची बाजू वाचतात.

"मोठ्यानं," वायरमन पावडर ढवळत म्हणतो.

"अहो, पुरे आता," बायको म्हणते. "टूथपेस्टचा खोका आहे तो."

"वाचू दे."