हसनचाचांचे बिल्ले

आयुष्यातला पहिला भूकंप मी शारजात अनुभवला, आणि त्या दिवशी जमिनीपेक्षा हसनचाचा मुकादमांनीच मला अधिक हादरवलं. दहाव्या मजल्यावरून अनवाणी जिने उतरत मी आमच्या रोल्ला वस्तीतल्या फुटपाथवर पोहोचले, तेव्हा इमारतीच्या दारात लुंगी-बनियनमधले, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ वही घेऊन उभे होते.

"फ्लॅट कुठला?"

"दहाशे तीन."

"माणसं किती?"

"मी एकटीच."

"एकटीच? लगीन नाय झाला?"

सगळा फुटपाथ माझ्याकडे वळून पाहू लागला. क्षणभरापूर्वी ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, त्या लोकांना माझ्या लग्नात इतका रस वाटावा, हा मला दुसरा धक्का होता.

वास्तविक या विषयात धक्का बसू नये असं माझं शिक्षण आहे. मी भूभौतिकशास्त्र शिकले. दुबईतल्या एका सल्लागार कंपनीत उंच इमारतींखालची जमीन कितपत भरवशाची आहे याचे अहवाल लिहिते. वाळवंट म्हणजे स्थिर, हा समज मी दर मीटिंगमध्ये खोडून काढते. समुद्रापलीकडे इराणच्या डोंगरांत जमीन हलली, की तिच्या संथ, लांब लहरी इथवर पोहोचतात आणि बुटक्या घरांना फारसं न छेडता उंच इमारतींना झोके देतात, हे मला तोंडपाठ आहे. तरीही माझ्या छतावरचा दिवा लंबकासारखा डोलू लागला आणि कपाटाचं दार कुणी आतून ढकलावं तसं उघडलं, तेव्हा मला एकही समीकरण आठवलं नाही. फक्त जिना आठवला.

चाचा दुसऱ्या मजल्यावर, मुलाच्या कुटुंबासोबत राहतात. मूळचे चिपळूणकडचे, त्यामुळे कोयनेच्या हादऱ्यांवर वाढलेले. "आमची म्हातारी चुलीवरचा भात उतरवून मग बाहेर येयाची," हे ते कोणत्याही घाबरलेल्या माणसाला उपहासाने ऐकवतात. इकडे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात काढली. जहाजाच्या टाकीत उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला टाकीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर टांगायचा, तो वर आला की काढून त्याच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. फळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे.

त्या भूकंपानंतर पंधरा दिवसांत तसाच एक फळा आमच्या इमारतीच्या दाराशी लागला. प्रत्येक रहिवाशाचा एक बिल्ला, त्यावर खिळ्याने ठोकून कोरलेला फ्लॅट क्रमांक. बाहेर जाताना आपला बिल्ला सोबत न्यायचा, परतल्यावर टांगायचा. धक्का बसला की खाली यायचं, आपला बिल्ला काढून हातात धरायचा, आणि फळा रिकामा होईपर्यंत कोणीही वर जायचं नाही. "बिल्ला निघाला, मगच काम खलास!" हे चाचांचं ब्रीदवाक्य.

तालीम ते पूर्वसूचना न देता घेत, आणि तीही शुक्रवारी सकाळी, घरोघरी बिर्याणी दमावर असताना. "गॅस बंद! यल्ला, चला खालती!" लिफ्टच्या दारात आडवे उभे राहत. त्यांची नातच एकदा म्हणाली, "दादा, धिस इज फेक, राइट?"

"फेक असल तरी उतर. खरा येल तेव्हा पाय नवीन लावणार हायस?"

मी त्यांना फळ्याऐवजी माणसं मोजणारं मोबाइल अ‍ॅप सुचवलं. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "अगो सायंटिस्ट, मोबाइल घरात राहिला नि माणूस खालती आला, तर तुझा अ‍ॅप कोणाला आत धरणार?"

हा मुद्दा मी माझ्या पुढच्या अहवालात घातला; त्यांचं नाव मात्र घातलं नाही. साहेबांनी कौतुक केलं, ते मी निमूटपणे घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, इमारत पुन्हा डोलली. या वेळी कोणी किंचाळलं नाही. सगळे रांगेने उतरले, बिल्ले निघाले. फळ्यावर एकच उरला: सातशे दोन.

"जोशींचा तो," तळमजल्यावरचे किराणावाले सलीमभाई म्हणाले. "ते गेले की अल ऐनला राहायला, महिना झाला. सामान माझ्यासमोर उतरलं."

"बिल्ला हाय," चाचा म्हणाले.

"अहो, राहिला असेल चुकून!"

चाचांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांनी हातातला स्वतःचा बिल्ला पुन्हा खिळ्याला लावला आणि जिन्याकडे निघाले.

"चाचा, पाठोपाठ दुसरा धक्का येऊ शकतो!" मी ओरडले.

"येऊ दे. मला विचारून येणार हाय काय?"

धोक्याचं गणित ज्या मुलीला पगार मिळवून देतं, तिने अशा वेळी इमारतीबाहेर राहावं. मी माझा बिल्ला टांगला आणि त्यांच्यामागे धावले. याचं आश्चर्य मला अजून वाटतं.

सात मजले. साठी ओलांडलेला, गुडघे दुखणारा माणूस दोनदाच थांबला. सातशे दोनचं दार त्यांनी दोन्ही तळव्यांनी ठोकलं. "जोशीभाई! ओ जोशीभाई!" कान लावला. पुन्हा ठोकलं. मग गुडघ्यांवर बसून दाराखालच्या फटीला तोंड लावून हाक मारली. आत रिकाम्या खोल्यांचा प्रतिध्वनी तेवढा होता.

चाचा पायरीवर बसले. मला संताप आला होता. "आत कोणी नाही, हे तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत होता."

"मग?"

धापा टाकतच ते सांगू लागले.

"यार्डात एकदा एक बिल्ला राहिला. इब्राहिमचा. आमच्याच गावचा, मीच आणलेला त्याला. शिफ्ट सुटलेली, सगळ्यांना बसची घाई. मीच बोललो, राहिला असल चुकून." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "सकाळी काढला त्याला टाकीतनं."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"त्याची आई अजून हाय. दर सुट्टीत जातो. शिवी नाय, रडणं नाय. चहा करते, साखर जास्त घालते. फक्त मी अंगणात शिरलो, का ती पयला माझ्या मागं बघते. रस्त्यावर. मग बोलते, ये आत."

कठड्याला धरून ते उठले.

"चल गो. खालती फळा बोलत असल, आपण दोघं आत हाव. लोकांच्या जीवाला घोर नको."