माहीत नसल्याचे हमीपत्र

आमच्या कार्यालयातील आवक-जावक शाखेच्या बाईंनी गेल्या वर्षी, दिनांक अकरा रोजी, कोणताही लेखी आदेश नसताना एक शब्द मोठ्याने उच्चारला. या प्रकरणातले पुढचे सगळे कागद मीच तयार केलेले असल्यामुळे हकिगतही मीच सांगितलेली बरी.

रेकॉर्ड रूममधलं डुगडुगणारं टेबल सरकवताना बाईंना त्याच्या पायाखाली अर्धा शब्दकोश सापडला. 'प'पासून पुढचा. पहिला अर्धा कोणत्या टेबलाखाली गेला, याची नोंद नाही. त्या दिवशी फायलींचा गठ्ठा बांधता बांधता बाई एकदम म्हणाल्या, "अहो, एका हिसक्यात सुटते ना, ती सुरगाठ! वीस वर्षं बांधतेय मेली, नाव आज कळलं."

झालं. चार टेबलांवरची माणसं उठून आली आणि दोऱ्या बांधून-सोडून बघायला लागली. खोटं कशाला बोलू, मीही दोन गठ्ठे सोडले. फार मजा वाटली.

बाईंचे वडील छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर दोन वर्षांत त्यांचं बोलणं "हं" आणि "मीठ कमी आहे" एवढ्यावर आलं होतं. त्या संध्याकाळी बाईंनी जेवताना त्यांना सुरगाठ सांगितली. वडिलांनी चमचा खाली ठेवला.

"आणि जी सुटता सुटत नाही ती?"

"नाही बाबा माहीत."

"निरगाठ," वडील म्हणाले, आणि मग अर्धा तास बोलत राहिले. तेव्हापासून रोज एक शब्द कार्यालयातून घरी जाऊ लागला आणि एक घरून कार्यालयात येऊ लागला. अर्धा कोश बाईंच्या खणात होता, उरलेला वडिलांच्या डोक्यात. बाई सकाळी हसतमुखाने कामावर यायच्या, आणि ही गोष्ट साहेबांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"उपक्रम उत्तम आहे," साहेब म्हणाले. "आता तो नियमात बसवू."

"नियमात कशाला साहेब? मी आपली सहज सांगते."

"सहज म्हणजे कोणत्या कलमाखाली?"

असं कलम कुठेच नव्हतं, म्हणून मी नियमावली केली. प्रत्येक कर्मचाऱ्याने आठवड्याला एक अपरिचित शब्द सादर करावा. शब्द अपरिचित असल्याबद्दल तीन सहकाऱ्यांचे अज्ञानाचे दाखले जोडावेत. (लेखा शाखेने हे दाखले वर्षभराचे आगाऊ सही करून दिले.) शब्द कळल्यावर झालेला आनंद 'अल्प', 'मध्यम' किंवा 'अनावर' यांपैकी एका चौकटीत नोंदवावा. अनावर आनंदास वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागेल.

तिसऱ्या आठवड्यात अडचण लक्षात आली. शब्द चाळीस जणांना सांगितला की तो अपरिचित राहत नाही. साठा दर सोमवारी शून्यावर यायचा. साहेब चिडले, "अहो, वाटल्यामुळे संपतायत ते!"

तोडगा मीच काढला, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता. शब्द बंद पाकिटातून वाटावेत. घेणाऱ्याने पाकीट न उघडल्याबद्दल सही द्यावी. नंतर सगळी पाकिटं दोन कुलपांच्या कपाटात ठेवावीत.

"मग शब्द सांगायचा कोणाला?" बाईंनी विचारलं.

"सांगायचा नाही. जतन करायचा."

कलम नऊनुसार कार्यालयीन शब्द घरी नेण्यास मनाई झाली आणि अर्धा कोशही जप्त झाला. आठवड्याने बाई माझ्या टेबलाशी आल्या. "बाबा परत मिठावर आलेत हो," एवढंच म्हणून गेल्या. मला वाईट वाटलं. पण कलम नऊ माझ्याच अक्षरात होतं.

तेवढ्यात साहेबांना नवी शंका आली. बाहेर कोणाला हे शब्द आधीपासूनच माहीत असले तर? म्हणून मी हमीपत्र तयार केलं : 'उपरोक्त शब्द मला माहीत नाहीत व यापुढे मी ते माहीत करून घेणार नाही.' शब्द गोपनीय असल्याने उपरोक्त जागा कोरी ठेवली. हे हमीपत्र नळजोडणीपासून जन्मदाखल्यापर्यंत प्रत्येक अर्जाला चौथं पान म्हणून जोडलं. महिन्याभरात सगळ्या शहराच्या सह्या आल्या. हरकत एकही आली नाही.

राहिले फक्त बाईंचे वडील. त्यांनी कसलाच अर्ज केला नव्हता, म्हणून हमीपत्र जोडलेला एक कोरा अर्ज घेऊन त्यांच्याकडे मी स्वतः गेलो. ते खिडकीशी बसले होते. त्यांनी भिंग काढलं आणि चारही पानं वाचायला घेतली. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासमोर कोणी अर्ज वाचला नव्हता. मला कुठे बघावं ते कळेना.

"वरचे शब्द कुठायत?" त्यांनी विचारलं.

"गोपनीय आहेत."

"मग त्यातले कोणते मला माहीत नाहीत, हे मी कसं सांगू?"

"काका, सगळ्यांनी तशीच सही केलीय."

"सगळे अळंटळं करतात."

"म्हणजे?"

"नेमकं काम सोडून बाकीचं सगळं करत राहायचं." त्यांनी कागद परत दिला. "सही नाही करणार."

दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "बाबा, किती दिवसांनी बोललात!" त्यांचे डोळे भरून आले होते. मी पाणी न पिताच निघालो.

साहेबांनी प्रकरण तीन दिवस अभ्यासलं आणि निर्णय दिला. समस्त नागरिकांनी हे शब्द माहीत नसल्याचं लिहून दिलेलं आहे. जो शब्द एकाच घरात समजतो, त्याला भाषा म्हणता येत नाही, तो आवाज होय. आवाज आपल्या कार्यकक्षेत येत नाही. सबब, सदर बाप-लेकींनी घरात आपसात हवे ते आवाज काढावेत.

आता संध्याकाळी त्यांच्या घरावरून जाताना ते आवाज ऐकू येतात. बोलतात, वाद घालतात, मध्येच दोघं खदखदून हसतात. माझी पावलं मंदावतात. मला त्या घराचा हेवा वाटतो. पण हमीपत्रावर पहिली सही माझी आहे.

आणि वाचकहो, तुम्ही हसू नका. गेल्या वर्षी तुम्हीही कसला तरी दाखला नेलात. चौथ्या पानावर तुमची सही आहे, मी स्वतः तपासली. ही हकिगत वाचताना एखादा नवा शब्द तुम्हाला कळला असल्यास तो हमीपत्राचा भंग ठरतो. तो विसरण्यासाठी तुम्हाला सात दिवसांची मुदत देण्यात येत आहे. आजवर कोणालाही मुदतवाढ लागलेली नाही.