जवसाची जट

इंदूताईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, रविवारी श्रीगोंद्याला शाळेतल्या मैत्रिणींचा मेळावा होता आणि डोक्याला सतरा दिवस पाणी लागलेलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी त्यांनी चौथ्यांदा सुस्कारा टाकला, तेव्हा विष्णुपंतांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"मी घालतो न्हायला," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"का? छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय मी. तुझी शिकेकाई म्हणजे शेवटी काय, एक नैसर्गिक फेसकारक द्रव्य."

इंदूताईंचे केस गुडघ्यापर्यंत होते. वयाच्या चौसष्टाव्या वर्षीही. कर्जतच्या बाजारात त्या भाजी घ्यायला उभ्या राहिल्या की मागच्या बायका आपली खरेदी विसरायच्या. या केसांना आजवर शांपू लागलेला नव्हता, आणि ही गोष्ट विष्णुपंत घरी आलेल्या प्रत्येक माणसाला सांगत. अगदी गॅस दुरुस्त करायला आलेल्यालासुद्धा. मात्र ते न्हाणं होतं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दर रविवारी सकाळी बाथरूमचं दार दोन तास बंद असतं आणि पोहे उशिरा मिळतात, एवढाच त्यांचा त्या विषयाशी संबंध.

एरवी घरकामाला येणाऱ्या छबूबाईंनी हे काम केलं असतं. हात मोडल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. पण त्या लेकीच्या बाळंतपणाला मिरजगावला गेल्या होत्या. पुण्याहून मुलगी प्रणिता फोनवर म्हणाली, "बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानातून शांपू आणा. दहा मिनिटांचं काम आहे."

"या घरात शांपू येणार नाही," विष्णुपंत म्हणाले. एवढ्या वर्षांचा अभिमान होता तो, दहा मिनिटांसाठी थोडाच सोडणार!

इंदूताईंनी कृती सांगितली. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, चिमूटभर मेथ्या आणि वाळलेली जास्वंदीची फुलं. संध्याकाळी भिजत घालायचं, सकाळी उकळायचं, गार झालं की कुस्करायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचं.

"दोनदा बरं का," त्या म्हणाल्या. "चोथा अजिबात राहता कामा नये."

विष्णुपंतांनी वहीत सगळं लिहून घेतलं. मग मोबाईलवर थोडं वाचन केलं. तिथे कुणीतरी लिहिलं होतं की उकळताना चमचाभर जवस टाकलं तर केसांना चमक येते. विष्णुपंतांनी विचार केला. गुडघ्यापर्यंतच्या केसांना चमचाभराने काय होणार? त्यांनी दोन वाट्या घेतलं. आणि अख्खं जवस टाकण्यापेक्षा दळून टाकलं तर अर्क जास्त उतरेल, म्हणून मिक्सरमधून काढलं. मिक्सर लावलाच आहे तर भिजलेली शिकेकाई, रिठे आणि मेथ्याही त्यातच फिरवल्या.

शनिवारी सकाळी आठ वाजता गॅसवरच्या पातेल्यातून पिठल्यासारखा आवाज येऊ लागला. मिश्रण उतू गेलं, शेगडीवर पसरलं आणि तिथेच घट्ट बसलं. ते पुसायला एक बादली पाणी गेलं, पातेलं घासायला दुसरी. उरलेला लगदा त्यांनी फडक्यात ओतला. फडक्यातून काहीही खाली येईना. पिळलं, तर फडकं फाटलं.

विष्णुपंत क्षणभर थांबले. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की सगळं सत्त्व चोथ्यातच असतं. गाळून टाकायचं कशाला?

"झालं का गाळून?" बाथरूममधून इंदूताईंनी विचारलं. त्या स्टुलावर बसल्या होत्या, प्लॅस्टरवर पिशवी बांधून.

"झालं, झालं. डोळे मीट."

डोळे मिटायला सांगितलं ते बरं झालं, आणि थोडं उशिराही झालं. रिठ्याचा पहिलाच ओघळ उजव्या डोळ्यात गेला. "अगं आई गं!" करून इंदूताईंनी डोळ्यांवर टॉवेल दाबला, त्यामुळे पुढचं त्यांना काही दिसलं नाही. विष्णुपंत मन लावून काम करत होते. मुळापासून टोकापर्यंत, वरून खाली, खालून वर आणि मग गोल गोल. हाताला लागणारा तो बुळबुळीत जाडपणा त्यांना मोठ्या गुणाचा वाटत होता.

"काहीतरी जड लागतंय हो," इंदूताई म्हणाल्या.

"पोषण आहे ते. आता धुऊन टाकू."

नळ सोडला. नळाने दोन थेंब टाकले आणि खाकरून गप्प बसला. शनिवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि त्याआधी मोटार चालू करून टाकी भरून ठेवायची असते, हे काम त्या घरात नेहमी इंदूताई करत.

"येईल लाईट दहा मिनिटांत," विष्णुपंत म्हणाले. "तोवर गच्चीवर उन्हात बस. गार लागायला नको."

मार्च महिना होता. कर्जतच्या मार्चमध्ये कुणाला गार लागल्याचं आजवर ऐकिवात नाही. इंदूताई डोळ्यांवर ओला टॉवेल धरून उन्हात बसल्या आणि पावणेदोन तास झाले तरी लाईट आली नाही.

पावणेअकराला छबूबाई जिना चढून आल्या. हातात नातवाच्या बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी होती. ती त्यांच्या हातातून गळालीच.

"आगं बया! ताई, ह्ये काय? डोस्क्याला कुनी शेन सारवलं?"

"शिकेकाई आहे ती," विष्णुपंत म्हणाले.

छबूबाईंनी एक बट उचलून पाहिली. ती अख्खीच्या अख्खी उचलली गेली, वाळलेल्या दोडक्यासारखी. "सर, शिकेकाई न्हाई ही. माती मळल्यावानी झालंय समदं. काय घातलं ह्यात?"

"जवस."

"किती?"

"दोन वाट्या. दळून."

छबूबाईंनी कपाळावर हात मारला. "आवो, तासभर थांबला आसता तर मी येतच हुते की!"

त्यांनी हापशावरून चार कळशा आणल्या. पाणी पडताच वाळलेलं जवस पुन्हा फुगलं आणि सकाळपेक्षा जास्त बुळबुळीत झालं. चोळावं तसं केसांत केस अडकत गेले आणि शिकेकाईचे धागे त्यांना शिवत गेले. छबूबाईंनी खोबरेल तेल आणलं. तेलाने ते सगळं एकजीव झालं. दोन कंगवे मोडले. बारा वाजेपर्यंत इंदूताईंच्या पाठीवर केस उरलेच नव्हते. मनगटाएवढे चार दोर होते.

इंदूताई डावा हात मागे नेऊन फक्त चाचपत होत्या. ते चाचपणं विष्णुपंतांना बघवेना. ते उगाच कळशी इकडची तिकडे ठेवत राहिले.

अशा वेळी शेजारच्या दगडाबाई आपल्या गच्चीवर वाळवण हलवायला आल्या. त्यांनी इकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि हातातलं सूप खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

"जट आली गं इंदूबाई! आईनं बोलावलं तुला!"

"अहो दगडाबाई, जवस आहे ते!" विष्णुपंत ओरडले.

"जवसाचं निमित्त हाय, सर. आईला यायचं आसलं की ती कशातूनबी येती."

पंधरा मिनिटांत दगडाबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. त्यांच्यामागे आणखी तिघी आल्या. एकीने नारळ आणला. एकीने इंदूताईंच्या पायांवर पाणी घातलं. ते पाणी पाहून विष्णुपंतांना क्षणभर वाटलं, हेच सकाळी मिळालं असतं तर!

खरी पंचाईत वेगळीच होती. शाळेत शिकवत असताना विष्णुपंतांनी पंचवीस वर्षं गावोगाव भाषणं दिली होती. जट म्हणजे गुंता, बाकी काही नाही. देवीचा कोप नाही, कृपा नाही, सरळ कात्री लावा. वाड्यावस्त्यांवर जाऊन त्यांनी घाबरलेल्या बायकांना कापायला लावलं होतं. आणि आज त्यांच्याच गच्चीवर, त्यांच्याच बायकोपुढे उदबत्ती लागली होती.

"हे सगळं बंद करा आधी," ते कडाडले. "हा गुंता आहे. साधा गुंता!"

"मंग कापा की," मागून एक बाई म्हणाली. साठीची, काटक. "माझ्या आक्काची तुमीच कापाया लावली हुती. ती चार दिस रडत हुती. तुमी म्हनला, केसच हाईत, पुन्ना येतील."

छबूबाईंनी न सांगता खालून कात्री आणली आणि सरांच्या हातात दिली.

विष्णुपंत इंदूताईंच्या मागे उभे राहिले. पहिला दोर हातात घेतला. तो जड होता आणि उन्हाने कोमट झाला होता. कात्री उघडली आणि तशीच राहिली.

"अजून एकदा तेल लावून बघू या का?" ते म्हणाले. "किंवा प्रणिताला विचारतो. पुण्यात काहीतरी औषध मिळत असेल."

"बघा!" दगडाबाई म्हणाल्या. "सरांचाबी हात धजंना. आई हाय तिथं."

"आई नाही हो," विष्णुपंत म्हणाले. त्यांचा आवाज भाषणातला राहिला नव्हता. "ते... मला कापवत नाहीयेत."

त्या साठीच्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला काय आठवलं असेल ते विष्णुपंतांना कळलं. तिच्या आक्काच्या दारात ते किती वेळ थांबले होते? पाऊण तास असेल. पुढच्या वस्तीवर जायचं होतं.

"कापा," इंदूताई म्हणाल्या. गच्चीवर आल्यापासूनचा त्यांचा तो पहिला शब्द. "उद्या नऊची एसटी आहे. आणि दगडाबाई, तो नारळ आणलाच आहे तर फोडा. चटणी तरी होईल."

विष्णुपंतांनी कापले. मानेपर्यंत. एक बाजू खाली आली, म्हणून दुसरी कापली, मग पहिली पुन्हा. शेवटी छबूबाईंनी कात्री काढून घेतली, नाहीतर मेळाव्याला टोपी घालून जावं लागलं असतं. कापलेले दोर वर्तमानपत्रावर ठेवले होते. ते गुंडाळताना विष्णुपंतांना घडी जमेना.

रविवारी इंदूताई श्रीगोंद्याला गेल्या. दिवसभर विष्णुपंतांनी शेगडी खरवडली. जवस काही निघालं नाही. इंदूताई आल्यावर काय बोलायचं, याची त्यांनी तीनदा उजळणी केली. संध्याकाळी त्या आल्या, पदराने वारा घेत खुर्चीवर बसल्या.

"कुणी ओळखलंच नाही मला," त्या म्हणाल्या. "दारातल्या बाई विचारतात, आपण कुणाबरोबर आलात? म्हटलं, मी इंदू. तर म्हणाल्या, इंदू यायची आहे अजून."

"मग?"

"मग काय, मीही थोडा वेळ तिची वाट पाहिली." त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या.

विष्णुपंतांची उजळणी कुठल्या कुठे गेली. "इंदू, चूक झाली माझी. तू रागव तरी. कालपासून त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस."

"राग नाही हो. मान हलकी वाटतेय. मी मागे दोनदा जाऊन आले होते, बसस्टँडजवळच्या पार्लरच्या पायरीपर्यंत. कापून टाकावेत म्हणून. आंघोळीला दोन तास, वाळायला तीन. खांदे भरून यायचे."

"मग कापले का नाहीस?"

"तुम्हाला काय वाटेल म्हणून."

"मी काही म्हटलं असतं का?"

"तेच तर. सगळ्या गावाला सांगायचात केसांचं, पण मला कधी एक अक्षर बोलला नाहीत. वाटलं, कापून घरी यावं आणि तुमच्या लक्षातच येऊ नये, तर काय करायचं? म्हणून परत आले."

लक्षात आलं असतं, असं म्हणायचं विष्णुपंतांच्या ओठांवर आलं होतं. पण खरंच आलं असतं का, याची त्यांना खात्री देता येईना. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या केसांना त्यांनी हात लावला तो काल, आणि कालच ते संपले.

पुढच्या रविवारी छबूबाई कामाला आल्या, तर बाथरूमचं दार उघडं होतं. सर स्टुलामागे धोतर खोचून उभे होते. शिकेकाई इंदूताईंनी स्वतः समोर बसून उकळून घेतली होती आणि तीनदा गाळून घेतली होती. टाकी काठोकाठ भरलेली होती. विष्णुपंतांनी एका हाताने इंदूताईंचे डोळे झाकले, दुसऱ्या हाताने मानेवरून सावकाश पाणी सोडलं. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. केस पिळायला गेले तर मुठीत येईनात.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं की. टॉवेल द्या."

विष्णुपंत तांब्या घेऊन तसेच उभे राहिले.

"अजून एक तांब्या घालू का?"

"कशाला? स्वच्छ झालंय डोकं."

"तरी."

इंदूताईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या पुन्हा खाली वाकल्या.